आता मिसचा नंबर

जेन तुस्कानोने सव्वीस वर्षं दुसरीचा वर्ग सांभाळला होता, त्यातली एकोणीस आखातात, दोह्यात. आणि आता एकोणतीस वर्षांची एक मुलगी तिला सांगणार होती, की मुलं कशी सांभाळायची. बाकीच्या शिक्षिकांना यात काही वाटलं नसेल. जेनला वाटत होतं, आणि ते लपवायची तसदीही ती घेत नव्हती.

दर बुधवारी मुलांच्या बसेस गेल्या, की प्राथमिकच्या सगळ्या शिक्षिका लायब्ररीत जमायच्या. मुलांचं वागणं कसं हाताळावं, मागे पडणाऱ्या मुलांना वर्गात कसं सामावून घ्यावं, भावना, मैत्री, भांडणं यांचे धडे कसे घ्यावेत, असं सगळं त्या ट्रेनिंगमध्ये होतं. शिकवायला अनुजा. मूळची लातूरची, नवरा वरुण दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आयटीत, आणि हिला एका ट्रेनिंग कंपनीने वर्षभरासाठी घेतलेलं. आवाज इतका मऊ, की दुपारच्या जेवणानंतर तो ऐकणं म्हणजे झोपेला आमंत्रणच.

"मूल वेडंवाकडं वागतं, तेव्हा ते आपल्याला काहीतरी सांगत असतं," अनुजा म्हणाली.

"काय सांगतं ते मला पाठ आहे," जेन शेजारणीला हळूच म्हणाली. "होमवर्क केला नाही, हे सांगतं."

शेजारणीने हसू दाबलं. अनुजाने ऐकलं होतं, पण ती नुसती जेनकडे बघून हसली आणि पुढे गेली. त्या हसण्याचाही जेनला राग आला. उलट बोलली असती तर परवडलं असतं.

आता कुणी म्हणेल, ही बाई खाष्ट दिसते. तर तसं नाही हो. जेनने आयुष्यात एका पोरावर हात उचलला नव्हता. ज्याचा डबा विसरला त्याला स्वतःची पोळी-भाजी द्यायची, ताप आलेल्याला मांडीवर घेऊन ऑफिसात बसायची. तिने शिकवलेली पोरं आज इंजिनियर होऊन लग्नाचं आमंत्रण पाठवतात. फक्त तिचा आवाज मोठा होता, आणि राग आला की जिभेवर ताबा राहायचा नाही. त्या जिभेनेच घोटाळा केला होता, आणि तो तिला अजून ठाऊकही नव्हता.

तो कळला त्याच बुधवारी संध्याकाळी. अल हिलाल भागातल्या फ्लॅटवर पोचून ती चहा टाकते न टाकते, तोच जैतूनचा फोन आला. जैतून म्हणजे तिच्या वर्गातल्या हजराची आई. माणसं दापोलीकडची, राहायला दोह्याच्याच नजमा भागात. त्यामुळे जेन आणि जैतून एकमेकींशी मराठीत बोलायच्या, आणि त्या पन्नास देशांच्या गावात दोघींना त्याचं अप्रूप होतं.

"मिस, एक विचारायचं होतं," जैतून म्हणाली. "हजराच्या कानातल्या मशीनची बॅटरी दर आठ-दहा दिवसांनी बदलावी लागायची. आता तीन आठवडे झाले, तीच चाललीय. शाळेत घालते ना ती?"

"घालते की," जेन म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. वर्गातल्या पोरीबद्दल आईने विचारावं आणि बाईंना माहीत नसावं, हे तिला सहनच झालं नसतं.

"मग बरं. डॉक्टर म्हणाले, दिवसभर घातलं नाही तर तिचं बोलणं मागे पडेल. म्हणून जीव घाबरला हो."

फोन ठेवला आणि जेन तिथेच उभी राहिली. तीन आठवडे. हल्ली हजराचा काही त्रासच नव्हता, आणि त्याचं तिला बरंच वाटत होतं. किती शांत बसते पोरगी, असं तिने स्टाफरूममध्ये दोनदा बोलूनही दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्या झाल्या तिने हजराला टेबलापाशी बोलावलं आणि तिचे केस कानामागे सारले. कान मोकळा होता.

"मशीन कुठेय गं?"

हजरा मराठी सगळं समजायची, पण उत्तर द्यायची इंग्रजीत. तिने जेनच्या ओठांकडे बघितलं आणि म्हणाली, "दप्तरात आहे, मिस. तुम्हीच सांगितलं होतं, दप्तरात ठेव."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, की खोचकपणा नव्हता. होमवर्क पूर्ण केल्याचं सांगावं तसं तिने सांगितलं. आणि जेनला तो दिवस आठवला. वह्या मिटा, असं तिने तीनदा सांगितलं होतं. सगळ्यांनी मिटल्या, ही एकटी खाली मान घालून रंगवत बसलेली. जेनचा पारा चढला होता, आणि राग आला की तिला मराठीच सुचतं. "ऐकायचंच नसेल तर ते कानातलं तरी कशाला हवं? काढ आणि ठेव दप्तरात." बाकीच्या पोरांना एक अक्षर कळलं नव्हतं. जिला कळायला नको होतं, तिलाच तेवढं कळलं. पोरीने ते काढून ठेवलं, आणि पुढच्या दिवसापासून वर्गात आली की रोज न सांगता ठेवू लागली.

"अगं, ते मी रागात बोलले. घाल बघू आता."

हजराने मान हलवली. "नको, मिस. असंच बरं आहे. असं असलं की कोणी ओरडत नाही."

आता यावर काय करणार? एखाद्याच्या हातात पुस्तक देता येतं, तोंडात घास भरवता येतो. कानात मशीन काही जबरदस्तीने बसवता येत नाही, आणि बसवलं तरी ते चालू ठेवणार कोण? सव्वीस वर्षांत पहिल्यांदा जेनला एका पोरीपुढे हात टेकावे लागले.

मग तिने ट्रेनिंगच्या कागदांचा तो गठ्ठा काढला, जो तिने बॅगेतून बाहेरही घेतला नव्हता. चांगल्या वागण्याला लगेच दाद द्या, असं त्यात होतं. तिने मशीन घातल्यास स्टिकर देऊ केला. हजराने नम्रपणे नको म्हटलं. जबाबदारी द्या, असं होतं. तिने हजराला मॉनिटर केलं. हजराने वह्या छान गोळा केल्या आणि मशीन दप्तरातच ठेवलं. शेवटी जेनने आपल्या माहेरचा उपाय केला. तिचे बाबा वसईकडच्या एका गावात हेडमास्तर होते. रस्त्याने निघाले की पोरं सायकलवरून खाली उतरायची. त्यांच्या हातून एखाद्या पोराला विनाकारण मार बसला, तर दुसऱ्या दिवशी ते त्याला वाडीतले पेरू नेऊन द्यायचे, पण तोंडातून चकार शब्द काढायचे नाहीत. जेनने हजराला स्वतः केलेल्या केकचा मोठा तुकडा दिला. हजराने तो खाल्ला, थँक्यू मिस म्हणाली, आणि जागेवर जाऊन पुन्हा त्या शांततेत बसली.

 सात वर्षांची पोर, तिच्यापुढे अख्खा वर्ग बडबडतोय, हसतोय, आणि ही काचेपलीकडे बसल्यासारखी एकटी. आणि तिला तिथे बसवलं कुणी?

"सॉरी म्हण ना तिला," थॉमस म्हणाला. थॉमस म्हणजे जेनचा नवरा, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला. बोलायचा कमी, पण जेवताना एखादं वाक्य असं टाकायचा, की समोरच्याचा घास अडकावा.

"मी? सात वर्षांच्या पोरीला?"

"चूक कुणाची?"

"माझी. मी काय नाही म्हणतेय? शुक्रवारी फादरना सांगितलं मी सगळं."

"मग फादर हजराला कळवणार आहेत का?"

जेनने त्याच्या ताटात आणखी भात वाढला, तो न मागता. बोलणं बंद करायची ही तिची जुनी रीत.

खरं तर फादरही तेच म्हणाले होते. ते तिने थॉमसला सांगितलं नाही.

त्यातच अनुजाने जाहीर केलं, की आता ती प्रत्येकीच्या वर्गात येऊन एक तास बघणार. सर्कल टाइम घ्यायचा. मुलांनी जमिनीवर गोल करून बसायचं, एक मऊ बॉल हातोहात फिरवायचा. ज्याच्या हातात बॉल तो बोलणार, बाकीचे ऐकणार. विषय होता, मला कशाने आनंद होतो.

आनंदाचं काय सांगायचं असतं, हे जेनला कधी कळलंच नाही. सगळी पोरं आइस्क्रीम म्हणणार, आणि तासाचा चोथा होणार. तिला कळायची ती चूक. इथे सुट्टी शुक्र-शनिवारची, रविवारी शाळा; म्हणून दर शुक्रवारी मासच्या प्रार्थनेनंतर ती चर्चमधल्या लहान मुलांना शिकवायची, आणि पहिल्यांदा कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे चुका कबूल करायला जाणाऱ्यांची तयारी तीच करून घ्यायची. आठवडाभरात कुणाशी वाईट वागलात ते आठवा, उगीच मोठ्या गोष्टी सांगू नका, खरं तेवढं सांगा. ते काम तिला फार सुरेख जमायचं. मग तेच वर्गात का नको? देवाचं नाव काढायचं नाही, एवढं भान तिला होतं. पण चूक काय, सगळ्याच घरातली पोरं करतात.

रविवारी तिसऱ्या तासाला अनुजा फॉर्म घेऊन वर्गात येऊन बसली. पोरांनी बाकं बाजूला सारली, गोल केला. जेन खुर्ची ओढून बाहेर बसणार, तोच अनुजाने लांबून हाताने खूण केली, खाली, गोलात. जेनचे गुडघे गेली तीन वर्षं कुरकुरत होते. तरी ती बसली, मनातल्या मनात अनुजाच्या ट्रेनिंग कंपनीचा उद्धार करत.

"ऐका," ती म्हणाली. "आज प्रत्येकाने एक चूक सांगायची. कुणाच्या तरी बाबतीत केलेली. आणि ती व्यक्ती इथे असेल, तर तिलाच विचारायचं, आता मी काय करू? यल्ला, चल उमैर, तू सुरू कर."

अनुजाचं पेन थबकलं. तिच्या फॉर्ममध्ये यासाठी रकाना नव्हता.

पोरांना आनंदाबद्दल विचारलं असतं, तर ती इतकी खुलली नसती. उमैरने सांगितलं, की मागच्या रविवारी त्याने नको असलेलं सँडविच कपाटामागे टाकलं, म्हणून वर्गात वास येतोय आणि सगळे कुणालला नावं ठेवतायत. कुणालला त्याने विचारलं, मी काय करू? कुणालने मोठ्या माणसासारखा विचार करून सांगितलं, काढ ते. उमैर तिथल्या तिथे गेला, नाक दाबून ते बाहेर काढलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून आला. मग कुणालची पाळी. त्याने कबूल केलं, की आजी आजारी होती म्हणून त्याचा प्रोजेक्ट राहिला, हे खोटं होतं. आजी भारतात ठणठणीत आहे आणि रोज पत्ते खेळते. ही चूक जेनच्याच बाबतीत. "मी काय करू, मिस?" "प्रोजेक्ट कर," जेन म्हणाली, आणि सगळा गोल हसला.

असा बॉल फिरत राहिला. कुणी पेन्सिल घेतली होती, कुणी कुणाला वाढदिवसाला बोलावलं नव्हतं. पोरं एकमेकांकडे बघून सांगत होती आणि सांगितल्यावर मोकळी होत होती. हजरा गोलात जेनच्या उजव्या हाताला बसली होती. बॉल कुणाकडे जातोय, तेवढं ती बघत होती. ओठ हलले की त्या तोंडाकडे मान वळवायची. तोवर बॉल पुढे गेलेला असायचा.

डावीकडच्या मुलीने तो जेनच्या हातात दिला. जेन तो सरळ हजराकडे सरकवणार, इतक्यात उमैर म्हणाला, "मिस, आता तुमचा नंबर."

"मी शिकवतेय ना, बाळा."

"पण तुम्ही गोलात बसलाय."

चोवीस तोंडं तिच्याकडे वळली. जेनने भिंतीपाशी बसलेल्या अनुजाकडे पाहिलं. म्हटलं, काहीतरी बोलेल, सोडवेल. अनुजाने फॉर्म मांडीवर पालथा घातला होता आणि ती नुसती बघत होती.

"बरं. मला डॉक्टरांनी गोड खाऊ नको सांगितलंय, आणि मी काल केक खाल्ला."

"ते नाही चालत," कुणाल म्हणाला. "कुणाच्या तरी बाबतीत पाहिजे. तुम्हीच सांगितलं."

आपलंच बोलणं आपल्याला असं परत मिळतं.  तो बॉल तिने दोन्ही हातांत धरला. इंग्रजीत सॉरी म्हणणं तिला कधीच जड गेलं नव्हतं. लिफ्टमध्ये कुणाचा धक्का लागला तरी ती सॉरी म्हणायची. पण जी चूक मराठीत केली ती मराठीतच निस्तरायला हवी, हे तिला आतून कळत होतं, आणि तिथे जीभ उचलत नव्हती. डोळ्यांपुढे बाबा दिसत होते, धोतराचा सोगा सावरत, पोरांनी वाट सोडलेल्या रस्त्यावरून चाललेले. सायकली उभ्या, माना खाली. त्या माणसाने कधी, कुणाला, माझं चुकलं म्हणून, नाही.

ती हजराकडे वळली, पण तिच्या डोळ्यांकडे बघवेना म्हणून हातातल्या बॉलकडे बघत, अगदी हळू म्हणाली, "हजरा, त्या दिवशी माझं चुकलं. ते कानातलं काढून ठेव असं मी तुला बोलायला नको होतं. कुणालाच बोलायला नको."

झालं. बोलली एकदाची. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं तिला वाटलं. तिने मान वर केली.

हजरा तिच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने शेजारी पाहिलं, पुन्हा जेनकडे पाहिलं.

"काय म्हणालात, मिस? मला ऐकू नाही आलं."

 कुणीतरी हजराला सांगू लागलं, मिस मराठीत काहीतरी म्हणाल्या, तर उमैरने त्याला गप्प केलं. जेनला वाटलं, आता पुन्हा नाही जमायचं. एकदाच्या बोलण्यासाठी साठवलेलं बळ संपलं होतं.

हजरा उठली. बाकांच्या मधून वाट काढत आपल्या दप्तरापाशी गेली. पुढच्या कप्प्यातून तिने निळी डबी काढली, मशीन काढलं, केस बाजूला करून कानात बसवलं, आणि ते सुरू होईपर्यंत डोळे बारीक करून थांबली.  मग ती येऊन पूर्वीच्याच जागी मांडी घालून बसली, आणि ज्या मराठीत ती शाळेत कधी बोलली नव्हती, त्या मराठीत म्हणाली, "आता बोला."

आणि जेन बोलली. या वेळी खाली न बघता, तिच्या डोळ्यांत बघून. चुकलं म्हणाली, कशात चुकलं ते सांगितलं, आणि मघाशी गाळलेलं तेही सांगितलं. "तुझ्या आईने फोन केला तेव्हा मी खोटं बोलले. ती घालते म्हणाले."  डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही, कारण दोन्ही हातांत बॉल होता. "आता मी काय करू, हजरा?"

हजराने फळ्याकडे बोट दाखवलं.

"तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता," ती म्हणाली. "तेव्हा मला काही कळत नाही. त्या दिवशीपण तुम्ही तिकडे तोंड करून बोलत होतात. माझ्याकडे बघून बोला."

एवढंच मागितलं पोरीने. जेन सव्वीस वर्षं फळ्यावर लिहिता लिहिताच बोलत आली होती. अनुजाच्या दुसऱ्या बुधवारच्या कागदात हे पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं, आणि तेव्हा ती शेजारणीला काहीतरी गमतीचं सांगत होती. तिने फक्त मान हलवली.  तिने बॉल हजराच्या ओंजळीत दिला.

तास संपल्यावर अनुजा जवळ आली. जेनला उठता येत नव्हतं, गुडघे आखडलेले. अनुजाने हात दिला.

"विषय आनंद होता, माहितेय मला," जेन म्हणाली. "दे नापासचा शेरा. दे, मी रागावणार नाही."

"फॉर्म मी भरलाच नाही, मावशी," अनुजा म्हणाली. मॅमवरून ती मावशीवर कधी आली, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही. "मी लातूरला तिसरीत होते तेव्हा बाईंनी मला चोर म्हटलं होतं. पेन त्यांच्याच पर्समध्ये सापडलं. मी अजून वाट बघतेय."

जेनने तिचा हात सोडला नाही. तशाच दोघी मिळून हजराचं बाक ओढत पहिल्या रांगेत घेऊन आल्या.

शाळा सुटल्यावर जैतून गेटपाशी उभी होती. जेन हजराचा हात धरून तिच्यापर्यंत गेली. वाटेत तिने चार-पाच वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली.

"जैतून, तुम्ही फोन केलात तेव्हा मी खोटं सांगितलं. शाळेत ती मशीन काढून ठेवत होती. आणि काढून ठेव असं मीच तिला रागात बोलले होते. आजपासून घातलंय तिने. पण चूक माझी होती, तिची नाही."

 जैतूनने लेकीच्या कानाकडे पाहिलं, मग जेनकडे. ती चिडेल, शाळेच्या ऑफिसात जाईल, हे सगळं जेनने धरलेलं होतं, आणि तिची तयारी होती. बसेस एकेक करून सुटत होत्या. जैतूनने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

"मिस, मीपण बोललेय तिला तसंच," ती म्हणाली. "पाहुणे होते घरात. मशीन शिट्टी मारायला लागलं. मी म्हटलं, काढ ते, चार लोकांत लाज आणतेस. ईदला झालं हे. मी अजून तिला काही म्हटलं नाही."

हजरा दोघींच्या मध्ये उभी होती, आणि तिला सगळं ऐकू येत होतं.